मंगळावर पाटकरी कोण?

देवरे आप्पांनी माझ्यासमोर पहिलं पुस्तक कापलं, तेव्हा मला त्यांच्या शेजारी राहायला येऊन जेमतेम चार दिवस झाले होते. मी त्यांच्या घरी विरजण मागायला गेले होते. आप्पा ओट्यावर मांडी घालून बसलेले, समोर एक कोरं करकरीत पुस्तक. मुखपृष्ठावर लाल ग्रह, त्यावर काचेचा घुमट आणि घुमटाखाली उभी असलेली चारदोन माणसं. आप्पांनी खिशातून व्हर्नियर काढला, पुस्तकाची जाडी मोजली, चिठोऱ्यावर लिहून तिला दोनाने भागलं, बरोबर तेवढ्यावर पेन्सिलीची खूण केली. मग हॅकसॉचं पातं घासून केलेली एक सुरी घेतली आणि पुस्तकाचे पाठीकडून दोन तुकडे केले.

मी एकतीस वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. पानाचा कोपरा दुमडला म्हणून मी प्राध्यापकांना उभं करून बोललेली आहे. त्या दिवशी मी विरजण न घेताच घरी आले आणि आमच्या ह्यांना म्हटलं, शेजार बरा दिसत नाही. ह्यांचं नाशकात द्वारका चौकात पंप आणि पाइपांचं दुकान आहे, त्यामुळे ह्यांना सगळ्या शेतकऱ्यांचा शेजार बराच वाटतो. "माणूस आपलंच पुस्तक कापतोय ना? तुझं तर नाही?" एवढं बोलून हे सकाळी दुकानात गेले आणि मी दिवसभर त्या माणसाच्या शेजारी एकटी उरले.

गिरणाऱ्याच्या पुढे, धरणाच्या फुगवट्याजवळ आमचा अर्ध्या एकराचा तुकडा आणि दोन खोल्या. निवृत्त झाल्यावर शांतता हवी म्हणून मीच हट्टाने इथे आले. इथे शांतता इतकी होती की आठव्या दिवशी मी कुकरच्या शिट्ट्यांची वाट पाहायला लागले. दुपारी टोमॅटोची गाडी भरून गेली की रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. अशा वेळी बांधापलीकडे आप्पा दिसायचे. चिंचेखाली त्यांनी एसटीतलं जुनं, दोन माणसांचं बाकडं जमिनीत पक्कं रोवलं होतं. त्यावर एका कडेला बसून ते अर्धं पुस्तक वाचायचे, मध्येच वर बघायचे, आणि कुणाशी तरी भांडत असल्यासारखी मान हलवायचे. काय वाचतात ते कळेना, तेव्हा पंधरवड्याने मीच माझा अहंकार गुंडाळला आणि बांध ओलांडला.

"या मॅडम," आप्पा म्हणाले. "मुद्दा असा शे, की हा लेखक हुशार आहे. यान कसं उडतं, किती इंधन लागतं, सगळं लिहिलंय. बाराशे माणसं मंगळावर नेऊन घातली त्याने. पण मला सांगा, तिथे पाटकरी कोण?"

आप्पा मूळचे बागलाणातले, मोसम नदीच्या काठचे. तिकडे बंधाऱ्याच्या पाण्यावरची शेतं फडांत वाटलेली असतात आणि पाणी सोडायचं काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातसुद्धा पाण्याला हात लावायचा नाही. शेत कुणाचंही असो, पाटाचं पाणी वळवायचं, म्हणजे दार धरायचं, ते पाटकऱ्याने. आप्पांचे आजोबा पाटकरी होते. सख्ख्या भावाच्या उसाला त्यांनी पाळी नसताना एक घागरभर पाणी जाऊ दिलं नाही, आणि त्यापायी भाऊ वर्षभर बोलला नव्हता. ही गोष्ट आप्पा इतक्या अभिमानाने सांगायचे, की जणू आजोबांनी चंद्रावर पाऊल ठेवलं होतं.

तेव्हा कुठलंही विज्ञानाचं पुस्तक हातात आलं की आप्पांची परीक्षा एकच. यंत्रमानव, परग्रहावरचे प्राणी, काळात मागेपुढे जाणारी माणसं, सगळं त्यांना मान्य. पण पाणी कोण वाटतो, हवा कोण वाटतो, आणि तो चुकला तर त्याला विचारतो कोण, हे लेखकाने सांगितलेलं नसलं की आप्पा पुस्तकाला नापास करायचे. "ह्यांना वाटतं रॉकेट उतरलं की गोष्ट संपली," ते म्हणायचे. "अहो, तिथूनच तर ग्रामसभा सुरू."

राजकारणाचंही तसंच. आप्पांना बातम्यांचा नाद होता, पण पक्षाचा नव्हता. गावातल्या पोरांनी मोबाइलवर कुणाचं भाषण लावलं की ते शेवटपर्यंत ऐकायचे आणि म्हणायचे, "मंगळावर बघू." म्हणजे, इथला हा नियम मंगळावर नेला तर बाराशे माणसं जगतील का मरतील, एवढंच बघायचं. आरक्षण मंगळावर हवं का, तर हवं, कारण पहिल्या यानातून आलेले दुसऱ्या यानातल्यांना खिडकीजवळ बसू देणार नाहीत. मिरवणूक हवी का, तर नको, दमछाक होऊन हवा जास्त लागते. सत्काराचे हार बंद, कारण फुलांना पाणी जातं.

या हारांच्या कलमाला घरातूनच कडाडून विरोध होता. आप्पांच्या बायकोचा, इंदूताईंचा, शेवंतीचा मळा. पहाटे तोडलेली फुलं टेम्पोने पंचवटीच्या बाजारात जायची. "आयका मॅडम," इंदूताई म्हणायच्या, "हाऊ माणूस माझ्या शेवंतीवर जेवतो आनि तिकडे मंगळावर तिलेच बंदी घालतो. मी म्हटलं, मी येत नही तुमच्या मंगळावर. तुमी एकलाच जा."

"एकटा जाऊन काय करू?" आप्पा म्हणाले. "एका माणसात राजकारण होत नाही."

मी हसले होते. नंतर पुष्कळदा मला त्या वाक्याची आठवण झाली.

एका दुपारी मी त्यांच्याकडचं अर्धं पुस्तक वाचायला मागितलं. मन कठोर करून मागितलं, कारण ते हातात धरतानाच मला कसंतरी होत होतं. आप्पांनी दारामागच्या खिळ्यावरची कापडी पिशवी काढली. पिशवीत नुसती अर्धी पुस्तकं, आणि सगळी पहिली अर्धी. समासात पेन्सिलीने बारीक, कोरीव अक्षरात टिपणं. 'हवेची टाकी कप्तानाच्या खोलीत का? टाकी चौकात हवी.' 'बाराशे माणसांत वकील किती ते सांगितलेलं नाही.' आणि प्रत्येक टिपणाच्या खाली पट्टीने दोन रेघा मारून कोरी जागा सोडलेली. आधी मला वाटलं, माणूस कारखान्यातला, त्याला रेघा मारायची सवय असेल. पण सगळ्या पुस्तकांत तेच. टिपण, खाली दोन रेघा, रेघांत काही नाही.

मला वाटलं, ही माझीच जागा. मी चांगलं पेन घेऊन बसले आणि चार दिवस खपून आप्पांच्या प्रत्येक टिपणाखाली उत्तर लिहिलं. 'टाकी चौकात हवी, हे अगदी योग्य.' 'वकिलांबद्दलचं निरीक्षण मार्मिक.' असं बरंच. आप्पांनी ते सगळं शांतपणे वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अक्षर फार छान आहे तुमचं," ते म्हणाले.

"आणि उत्तरं?"

"तुम्हाला सगळंच पटतं, मॅडम."

एवढ्या सभ्य भाषेत मला आजवर कुणी नापास केलं नव्हतं. मी जरा रागानेच विचारलं, की मग या रेघा कुणासाठी मारून ठेवता? आप्पांनी हातातलं अर्धं पुस्तक मिटलं. मग त्यांनी मला गांगुर्ड्यांची गोष्ट सांगितली.

सातपूरच्या एका कारखान्यात आप्पा बत्तीस वर्षं ग्राइंडिंग मशीनवर होते. त्याच मशीनवर पुढच्या पाळीला काशिनाथ गांगुर्डे. पाळ्या फिरायच्या, पण आप्पांच्या मागे गांगुर्डे हा क्रम फिरायचा नाही. दोघांची भेट दिवसातून दहा मिनिटं, मशीन एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना. दोघांनाही विज्ञानकथांचं वेड. महिन्यातून एकदा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून एक उचलायचं, ते मशीनच्या हत्यारांच्या खणात ठेवायचं. पण अख्खं पुस्तक ठेवलं की खण लागायचा नाही, आणि सुपरवायझरच्या नजरेत यायचं. अर्धं बरोबर बसायचं, मायक्रोमीटरच्या डबीखाली. म्हणून आप्पांनी पुस्तकं कापायला सुरुवात केली. पहिलं अर्धं आप्पा डब्याच्या सुट्टीत वाचणार, समासात टिपणं करणार, खणात ठेवणार. ते गांगुर्डे वाचणार, खाली उत्तर लिहिणार. तोवर आप्पा दुसऱ्या अर्ध्यात.

"कधी पटलं का त्यांना तुमचं?" मी विचारलं.

"बत्तीस वर्षांत चार वेळा." आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "मी म्हणायचो टाकी चौकात, तो म्हणायचा प्रत्येकाच्या घरात छोटी टाकी. मी म्हणायचो पाटकरी नेमलेला हवा, तो म्हणायचा निवडलेला हवा. चार-चार महिने भांडायचो आम्ही एका कलमावर. समासात जागा पुरायची नाही, तर विडीच्या पाकिटाचा कागद जोडायचो."

अशी भांडून भांडून दोघांनी मिळून मंगळाची घटना केली होती. ती कुठेही एका जागी लिहिलेली नव्हती, तीनेकशे अर्ध्या पुस्तकांच्या समासांत पसरलेली होती. त्यातली दोघांनाही पटलेली कलमं फक्त चार. पहिलं, सभा उभ्याने घ्यायची, म्हणजे लवकर संपते. दुसरं, पाणी वाटणाऱ्याने शेवटी प्यायचं. तिसरं हारांचं. आणि चौथं गांगुर्ड्यांनीच सुचवलेलं, ज्यावर आप्पांनी एका वाचनात सही केली होती. ज्याला पद हवं आहे, त्याला पद देऊ नये.

पुढचं सांगताना आप्पांचा आवाज खाली आला. निवृत्तीला दोन वर्षं होती. खात्यातून कामगार समितीवर एक माणूस निवडून द्यायचा होता. गांगुर्डे उभे राहिले. खात्यात त्यांच्याइतका शहाणा आणि सरळ माणूस दुसरा नव्हता, हे आप्पांचं त्या वेळीही मत होतं आणि आजही आहे. पण गांगुर्ड्यांना ते पद हवं होतं. चांगलंच हवं होतं. महिनाभर ते माणसामाणसाला भेटत होते.

"मग?"

"मग काय, कलम चौथं." आप्पा म्हणाले. "मी त्याच्या विरोधात मत दिलं."

गांगुर्डे एका मताने पडले.

एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. गुप्त मतदान होतं, कुणाला कळणार होतं? पण आप्पांनी दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मित्राला आपण होऊन सांगितलं. मला त्यांनी अगदी निरागसपणे सांगितलं की, त्यांना वाटलं होतं गांगुर्डे पाठीवर थाप मारतील. सगळी दुनिया तत्त्वं सांगते, पण स्वतःच्या मित्रावर लावून दाखवलं कुणी? गांगुर्ड्यांनी ऐकून घेतलं. "कूलंट कमी आहे, बघून घे," म्हणाले. पुढची दोन वर्षं ते आप्पांशी रोज बोलत होते, पण फक्त मशीनबद्दल. खणातलं अर्धं पुस्तक कोरं परत यायचं. मग दोघं निवृत्त झाले. आप्पा इथे मळ्यावर आले. या गोष्टीला एकंदर अकरा वर्षं झाली.

"तुम्ही गेला नाहीत कधी त्यांच्याकडे?"

"जाऊन म्हणू काय? चुकलो म्हणू? मी चुकलेलो नाही मॅडम. कलम त्याचंच होतं." जरा थांबून म्हणाले, "वाटलं, येईल तो. नाही आला."

मी घरी आले. संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, दोघांनाही वेड्यांच्या यादीत घाल. घातलं असतं, पण मला त्या दोन रेघा डोळ्यांसमोरून हलेनात. माणूस अकरा वर्षं पुस्तकं कापतोय, टिपणं करतोय, आणि उत्तर यायला जागा सोडतोय.

त्या उन्हाळ्यात पाणी समितीचा अध्यक्ष बदलायची वेळ आली. धरणातून पाणी उचलणारी आमची बावीस खातेदारांची समिती, त्यात अर्ध्या एकराची मीही. एक मोटार, एक पाइपलाइन आणि बावीस तोंडं. जुने अध्यक्ष गुडघ्यांनी थकले होते. रविवारी सकाळी मोटारीच्या शेडसमोर सगळे जमले. आमच्याकडे अध्यक्ष बिनविरोध होतो आणि त्याची एक ठरलेली रीत आहे. ज्याचं नाव निघेल त्याने दोनदा म्हणायचं, मला नको, दुसऱ्या कुणाला द्या. तिसऱ्यांदा आग्रह झाला की टोपी सारखी करून म्हणायचं, आता तुमच्या शब्दापुढे काय बोलणार. ज्याला मनापासून नको असतं तोही असंच म्हणतो आणि ज्याने आठ दिवस घरोघर चहा पिऊन नाव काढायला लावलेलं असतं तोही असंच म्हणतो.

बाजीराव म्हणून एक तरुण शेतकरी आहे, त्याने आप्पांचं नाव काढलं. लोकांनी माना डोलावल्या. आप्पा वाकड्या वाटेचे असले तरी खोटं बोलत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"काय आप्पा, घेता का अध्यक्षपद?"

आप्पा उभे राहिले. मी शेजारीच होते, मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेला कागद दिसत होता. सगळे 'नको'ची वाट बघत होते.

"हो," ते म्हणाले. "मला पाहिजे."

मग बाजीराव हसायला लागला. वाईट हसला नाही, पण हसला. "आता कसं व्हायचं आप्पा? तुमीच तर लय वर्सं सांगता आमाला, ज्याला पायजे त्याला देऊ नाय. तुमचाच कायदा हाय." मग सगळेच हसले. कुणीतरी भाऊसाहेबांचं नाव काढलं. भाऊसाहेब "मला नको, मला नको" म्हणत खुर्चीकडे सरकले आणि बसले. टाळी पहिली आप्पांनीच वाजवली.

परत येताना बांधावर त्यांनी खिशातला कागद मला दाखवला. बावीस जणांच्या पाळ्या लावलेल्या, पाइपाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पहिला. स्वतःचं नाव सगळ्यांत खाली. कागदाच्या घड्या झिजलेल्या होत्या, म्हणजे तो त्या आठवड्यातला नक्कीच नव्हता, बराच जुना होता.

"फार वाटत होतं मॅडम," आप्पा म्हणाले. "आजोबांसारखं एकदा पाण्याचं दार धरावं. कुणाला लुबाडायचं म्हणून नव्हतं हो. चांगलं करायचं म्हणूनच हवं होतं." मग ते चालता चालता थांबले. "त्यालाही तसंच हवं असणार."

पुढचे तीन दिवस चिंचेखालचं बाकडं रिकामं होतं. चौथ्या दिवशी इंदूताई फुलांच्या जाळ्या ठेवून माझ्याकडे आल्या आणि पायरीवर बसल्या. "पुस्तक उघडत नही, बातम्या आयकत नही. मी मुद्दाम त्यांच्या मंगळाले नावं ठेवली, तरी भांडत नही. भाकरी मी देऊ शकते मॅडम, पन ज्या माणसाशी यांना बोलायचं शे, तो मी कुठून आणू?" त्यांचे डोळे भरून आले होते. इंदूताईंना मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी उठून आप्पांकडे गेले आणि म्हटलं, उद्या सातपूरला जायचं आहे, तयार राहा. आप्पांनी कुणाकडे म्हणून विचारलंसुद्धा नाही.

दुपारच्या बसने निघालो. वाटेत आप्पा ती कापडी पिशवी मांडीवर घेऊन सारखी सदऱ्याची बटणं चाचपत होते. सातपूरच्या कॉलनीत गांगुर्ड्यांचं बैठं घर, पुढे तुळस आणि मोटारसायकल. दार सुनेने उघडलं. आत खिडकीशी एक उंच, सडपातळ म्हातारा खुर्चीत ताठ बसला होता. त्याने मान आमच्याकडे वळवली, पण नजर दाराच्या चौकटीवरच राहिली. साखरेने डोळे गेले, चार वर्षं झाली, सून हळूच म्हणाली.

आप्पा उंबऱ्यातच उभे.

"गांगुर्डे, मी देवरे."

"ओळखला," गांगुर्डे म्हणाले. "बस."

आप्पा बसले आणि त्यांनी एका दमात पाणी समितीची सगळी हकिगत सांगितली. खिशातल्या कागदासकट. माफी मागितली नाही. शेवटी फक्त म्हणाले, "मला पाहिजे होतं रे. आणि लोक हसले. तेव्हा तू आठवलास."

गांगुर्डे म्हणाले, "देवरे, तुझ्या मताने मी पडलो असं तुला वाटतं का?"

"एकाच मताचा फरक होता."

"हो. आणि मी माझं मत मला दिलं नाही."

आप्पांनी खुर्ची पुढे ओढली.

"महिनाभर लोकांची दारं पुजली," गांगुर्डे सांगत होते, "आणि मतपत्रिका हातात घेतली तेव्हा ते कलम आठवलं. मीच लिहिलेलं. आपल्याला पाहिजे, म्हणजे आपल्याला द्यायचं नाही. शिक्का समोरच्यावर मारून आलो. दुसऱ्या दिवशी तू येऊन तुझं खरं सांगून टाकलंस. मला माझं सांगता आलं नाही. पद पाहिजे होतं तेही खरं, आणि स्वतःला मत दिलं नाही तेही खरं. दोन्हीची लाज वाटली. तुझा राग आलाच नाही कधी."

"मग अकरा वर्षं…"

"रोज वाटायचं, उद्या सांगू. मग डोळे गेले. म्हटलं, आता तुझ्या काय उपयोगाचा?"

अकरा वर्षं म्हणजे किती पुस्तकं होतात, याचा हिशेब माझ्यासारखीला आपोआप होतो, आणि तो मला त्या क्षणी नको होता.

"उपयोगाचं काय घेऊन बसलास?" आप्पा म्हणाले. "मुद्दा असा शे, की मला वाचता येतं."

आणि त्यांनी पिशवीतून ते मंगळाचं अर्धं पुस्तक काढून वाचायला सुरुवात केली. कारखान्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस, हळू वाचणं त्यांना माहीत नाही. यान, घुमट, बाराशे माणसं, सगळं खड्या आवाजात. गांगुर्डे मान तिरकी करून ऐकत होते. तीन पानं झाली, चौथ्यावर घुमटाला तडा गेला आणि कप्तानाने सगळा कारभार आपल्या हातात घेतला.

"थांब," गांगुर्डे खुर्चीच्या काठावर आले. "हे चूक आहे. संकट आलं म्हणून सत्ता एकाकडे? संकटातच तर चार जणांकडे हवी."

"चार जण चर्चा करतील तोवर हवा संपेल."

"संपू दे. एकाने चुकीचा निर्णय घेतला तरी संपणारच आहे."

"तू अजून तिथेच आहेस का रे?"

"तू कुठे पुढे गेलास?"

मग जे सुरू झालं त्यात मला शिरायला जागाच नव्हती. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. सून चहाचं आधण गॅसवर ठेवून तशीच उभी होती, हातातला चमचा हातातच. बाहेरून गांगुर्ड्यांचा आवाज येत होता, कप्तानाला खाली खेचा म्हणून.

"सात वर्षं झाली माझ्या लग्नाला," ती मला म्हणाली. "बाबांचा आवाज एवढा मोठा आहे, मला माहीतच नव्हतं."

चहा उकळून वर येत होता, तो मीच बंद केला. आयुष्यभर मी हजारो लोकांच्या हातात पुस्तकं ठेवली आणि वेळेवर परत घेतली. त्यांतल्या एकानेही, मला हे पटलं नाही, असं सांगायला माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढली नव्हती. मला त्या दोघांचा हेवा वाटला. आमची परतीची बस साडेपाचला होती. साडेपाच वाजले तेव्हा मी घड्याळ पाहिलं, आणि आप्पांना काहीच सांगितलं नाही.